मासे तळ्यात, गळ रिकामा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्लंडमध्ये गळ टाकून मासे धरण्याच्या स्पर्धा होतात आणि मी त्यात भाग घेतो, असं इकडे आल्यावर कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘मग मासे घरी आणता?’’ नाही म्हटलं की दुसरा येतो : ‘‘विकता?’’ तेही नाही. मासे धरायचे, त्यांचं वजन करायचं आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. यानंतर तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. लोक नुसतेच आपल्याकडे बघत राहतात. त्यांच्या नजरेतल्या त्या प्रश्नाबद्दल आज मी बोलणार आहे. आणि त्यासाठी भरल्या जाळ्याची नव्हे, एका फसलेल्या दिवसाची हकीकत सांगणार आहे. हा खेळ काय आहे, हे फसलेल्या दिवशी जास्त नीट दिसतं.

इंग्रजीत या प्रकाराला ‘कोर्स फिशिंग’ म्हणतात. हा कोर्स म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. ज्वारी-बाजरीला आपण भरड धान्य म्हणतो, तसे हे ‘भरड’ मासे. गोड्या पाण्यातले सॅमन आणि ट्राउट हे तिकडचे खानदानी मासे. त्यांच्या नद्या बहुतेक जमीनदारांच्या मालकीच्या आणि तिथे गळ टाकणं खर्चाचं काम. उरलेले सगळे मासे या भरड वर्गात. कार्प, रोच, ब्रीम, टेंच, पर्च, पाइक ही त्यांतली काही नावं. यातला कार्प तुम्ही पाहिलेला आहे. आपल्याकडे धरणांत आणि तलावांत सोडलेला, बाजारात ‘सायप्रिनस’ म्हणून मिळणारा मासा तो हाच. रोहू आणि कटला हे त्याचे भाऊबंद. रोच हा मात्र आपल्याकडे नाही. लालसर डोळ्यांचा, चंदेरी अंगाचा हा मासा बहुतेक वेळा तळहातावर मावेल एवढाच असतो. आजच्या हकीकतीत त्याचंच काम जास्त आहे.

या स्पर्धा मुख्यतः कामगारवर्गाच्या. शेफील्ड, बर्मिंगहॅम, लीड्स अशा गिरण्या-कारखान्यांच्या शहरांतले क्लब रविवारी पहाटे आगगाडीनं, पुढे बस करून, नदीकाठी किंवा कालव्याकाठी जायचे आणि मैलभर ओळीनं बसायचे. इंग्लंडची राष्ट्रीय स्पर्धा १९०६ मध्ये सुरू झाली. नदीवरच्या स्पर्धेत दोन-तीन पौंड मासे धरले तरी पहिला नंबर येऊ शकायचा. पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि त्याचे सोळा औंस. हे माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८७८ च्या कायद्यानं या माशांच्या विणीच्या काळात, म्हणजे १५ मार्च ते १५ जून, गळ टाकायला बंदी आली. नद्यांवर ती आजही आहे. पण १९९५ मध्ये बहुतेक तळ्यांवरची बंदी उठली. त्याच सुमाराला शेतीच्या जोडीला काहीतरी धंदा हवा म्हणून अनेक शेतकऱ्यांनी शेतात तळी खोदली, त्यांत कार्प सोडले आणि दिवसाचं भाडं घेऊन लोकांना बसू द्यायला सुरुवात केली. यांना ‘कमर्शियल’ म्हणतात. गाडी ठेवायला जागा, चहा-नाश्त्याचं हॉटेल, स्वच्छतागृह, काठावर लाकडी फळ्यांच्या बैठका. तळं फार खोल नसतं, पाच-सहा फूट. मासे मात्र नदीत कधी नसतील इतके दाट. उन्हाळ्यात एकेकाच्या जाळ्यात शंभर पौंडांच्या वर वजन भरतं. स्पर्धा नद्यांवरून मोठ्या प्रमाणात या तळ्यांवर आल्या. ‘फिश-ओ-मेनिया’ नावाची १९९४ मध्ये सुरू झालेली स्पर्धा तर टीव्हीमुळे घराघरांत पोचली.

तुम्ही म्हणाल, एवढे मासे दाटीवाटीनं भरलेत, तर त्यात धरण्यासारखं अवघड काय? बादलीत हात घालण्यासारखंच की! माझाही सुरुवातीला असाच समज होता. तिथल्या नवख्या माणसाचाही असतो. आणि नेमकं हेच त्या दिवशी खोटं ठरलं.

मी इंग्लंडच्या मध्य भागात राहतो आणि तिथल्या एका क्लबाच्या संघातून हिवाळी लीग खेळतो. मार्चमधला तिसरा रविवार, लीगचा शेवटचा सामना. सहा संघ, प्रत्येक संघात पाच जण, म्हणजे एकूण तीसजण. आमचा संघ गुणतक्त्यात वरच्या संघाच्या बरोबरीला होता. त्या दिवशी जो पुढे राहील त्याची लीग. तळं ओळखीचं होतं आणि आठवडाभर हवा छान होती. तळ्याच्या मालकाकडच्या फळ्यावर पाण्याचं तापमान अकरा अंश लिहिलेलं मी आदल्या रविवारी वाचलं होतं. शनिवारी रात्री मात्र आभाळ स्वच्छ झालं, दव गोठलं आणि पहाटेपासून ईशान्येचं बोचरं वारं सुटलं. रविवारी सकाळी मी पाण्यात थर्मामीटर सोडला तर सात अंश.

स्पर्धेची सुरुवात सोडतीनं होते. काठावर जागा आखलेल्या असतात आणि प्रत्येक जागेला क्रमांक असतो. या जागेला ‘पेग’ म्हणतात. पेग म्हटल्यावर आपल्याकडच्या रसिकांच्या डोळ्यांसमोर जे येतं ते नव्हे! पेग म्हणजे खुंटी. पूर्वी काठावर क्रमांक घातलेल्या खुंट्या ठोकत, त्यावरून हे नाव. पिशवीत हात घालायचा, चिठ्ठी काढायची आणि जो क्रमांक येईल तिथे दिवसभर बसायचं. उठून दुसरीकडे जायचं नाही. पदरात पडलं आणि पवित्र झालं.

मला निघाला तो पेग दक्षिणेच्या काठावर, अगदी मधोमध. समोरून तोंडावर वारं. दोन्ही बाजूंना दुसरे स्पर्धक. चिठ्ठी पाहून आमचा कप्तान काहीच बोलला नाही. यावरून काय ते मी समजलो.

हा पेग वाईट का, हे समजून घ्यायचं तर माशाकडून बघायला हवं. मासा थंड रक्ताचा. पाणी जितकं गार, तितका त्याच्या शरीराचा कारभार मंद. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं तर हा कारभार सुमारे निम्म्यावर येतो. त्यात कार्पला जठर नसतं. घशातल्या दातांनी रगडलेलं अन्न थेट आतड्यात जातं. म्हणून उन्हाळ्यात तो दिवसभर थोडं थोडं खात हिंडतो. थंडीत आतड्यातलंच पुढे सरकत नाही, तर नवं कशाला खाईल? पुष्कळांना वाटतं, थंडीत पाण्यातला प्राणवायू कमी होत असेल. उलट आहे. पाच अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पावणेतेरा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, पंचवीस अंशांच्या पाण्यात जेमतेम सव्वाआठ. हिवाळ्यात माशाला श्वासाची ददात नसते; त्याला भूक नसते.

त्यातही पाणी हळूहळू गार झालं तर मासा सरावतो. महिनाभर सात अंशांवर असलेल्या तळ्यातले मासे थोडेफार खातात. एका रात्रीत चार अंश उतरले की मात्र सगळं ठप्प. तळं उथळ असल्यामुळे त्याची ऊब लवकर जाते आणि वारं सगळं पाणी ढवळून काढतं. मग कार्प एकत्र गोळा होतात आणि जिथे वाऱ्याचा त्रास कमी, तिथे जाऊन जवळजवळ हालचाल न करता थांबतात. त्या दिवशी ईशान्येचा कोपरा वाऱ्याच्या आडोशाला होता. तिथे लव्हाळी होती, पाणी आरशासारखं स्थिर होतं आणि त्यावर ऊन पडत होतं. माझ्या पुढ्यात मात्र लाटा.

सरासरीचा हिशेब करून नदीत उतरलेल्या कुटुंबाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. तळ्यातल्या माशांचंही तसंच आहे. तळ्यातल्या एकूण माशांना तीसनं भागलं तर प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर येतात. पण मासे असे वाटून घेऊन बसत नाहीत. ते एका कोपऱ्यात शेकड्यांनी असतात आणि उरलेलं तळं रिकामं पडतं.

आणखी एक गोष्ट. कार्पच्या जातीच्या माशांना उत्तम ऐकू येतं. त्यांच्या शरीरातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पाण्यातला थरथराट ती कानापर्यंत पोचवते. तीस माणसांनी काठावर सामानाच्या गाड्या ओढल्या, पेट्या ठेवल्या, जाळी टाकली की मासे गजबजाटापासून लांब सरकतात. काठाच्या मधल्या माणसाच्या दोन्ही बाजूंना गडबड. टोकाच्या माणसाच्या एकाच बाजूला शेजारी, दुसरीकडे मोकळं पाणी. म्हणून टोकाच्या पेगला एवढी किंमत. क्रिकेटमध्ये नाणेफेक असते, पण निदान दोन्ही संघ एकाच खेळपट्टीवर खेळतात. इथे प्रत्येकाची खेळपट्टी वेगळी.

दहा वाजता शिट्टी झाली. पाच तासांचा खेळ. स्पर्धेत आम्ही प्रामुख्यानं ‘पोल’ वापरतो. ही कार्बन फायबरची पोकळ काठी. तुकडे एकात एक बसवत तेरा मीटर, क्वचित सोळा मीटरपर्यंत लांब करता येते. तिला दोरा गुंडाळायची चकरी नसते. टोकाच्या भागात आतून रबरी दोरी ओवलेली असते आणि तिला दोरा बांधलेला. मासा पळाला की रबर ताणतं आणि त्याला दमवतं. आमिष बदलायचं किंवा मासा काढायचा तर अख्खी काठी मागच्या रुळावरून सरकवत सांध्यापर्यंत आणायची. फायदा असा, की तेरा मीटरवरच्या एका ठरावीक जागी, वाटीएवढ्या वर्तुळात, पुन्हापुन्हा गळ ठेवता येतो. आणि वाऱ्यात तेरा मीटरची काठी स्थिर धरणं म्हणजे काय, हे शिडाच्या होडीतल्या माणसालाच विचारा.

पहिला तासभर मी कार्पसाठी थांबलो. माशांच्या पिठाच्या गोळ्या, त्यांना पेलेट म्हणतात, चार-चारच टाकत होतो. थंडीत खाद्य बेतानं टाकायचं असतं; टाकलेलं परत काढता येत नाही. पाण्यावरचा तरंगता काटा, ज्याला फ्लोट म्हणतात, हलेना. डावीकडचे गृहस्थ सत्तरीचे, निवृत्त खाणकामगार. त्यांचाही हलेना. त्यांनी समोरच्या कोपऱ्याकडे हनुवटीनं खूण केली आणि म्हणाले, ‘‘आज सगळे तिकडे सभेला गेलेत.’’ तिकडच्या माणसाची काठी तेवढ्यात दुसऱ्यांदा वाकली होती.

अशा वेळी दोनच रस्ते असतात. एक, एखादा मोठा कार्प चुकून येईल म्हणून पाच तास वाट बघायची. दोन, कार्प सोडून द्यायचा आणि तळ्यातले छोटे रोच गोळा करायचे. रोच थंडीतही थोडंफार खातो आणि कार्पच्या सभेला जात नाही. मी दुसरा रस्ता धरला. केसासारखा एक दशांश मिलिमीटरचा दोरा, अठरा नंबरचा गळ आणि आमिषाला निळ्या माशीची एक अळी. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. अठरा नंबरचा गळ तांदळाच्या दाण्याएवढा. अकरा वाजून पाच मिनिटांनी भवानी झाली : दोन औंसांचा रोच.

त्यानंतर सुमारे सात मिनिटांना एक या गतीनं मासे येत राहिले. दर तीन माशांनंतर बंद. मग काठी दोन मीटर मागे घ्यायची, खोली चार बोटं कमी करायची, पुन्हा दोन मासे. फ्लोटचं टोक दोन मिलिमीटर बुडलं की मासा. त्याहून जास्त हलवणारा तो वारा. बारा वाजता हात गारठून बधिर. समोर कोपऱ्यात तो माणूस जाळ्यामागून जाळं भरतोय.

पावणेदोनला फ्लोट बुडाला तो वर आलाच नाही. रबर सरसर ताणलं गेलं. कार्प होता, सहाएक पौंडांचा असावा. एवढ्या बारीक दोऱ्यावर त्याला ओढून चालत नाही. तो जाईल तिकडे काठी न्यायची आणि तो दमायची वाट बघायची. पंधरा मिनिटं गेली. हातजाळीपासून फूटभर अंतरावर त्याची पाठ दिसली, त्यानं एकदा डोकं झटकलं आणि गळ सुटून माझ्याकडे परत आला. जाड दोरा असता तर तो आला असता, पण जाड दोऱ्यावर ते आधीचे रोच लागले नसते. या खेळात दोन्ही एकदम मिळत नाही.

तीनला शिट्टी. वजनकाटा घेऊन दोघंजण पेगमागून पेग येतात. आपलं जाळं उचलून झोळीत ओतायचं, आकडा मोठ्यानं वाचला जातो, शेजारी येऊन बघतात, आणि मासे पुन्हा तळ्यात. माझे तेहतीस मासे, चार पौंड सहा औंस. म्हणजे दोन किलोलाही थोडे कमीच. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या माणसाचे त्र्याऐंशी पौंड.

चार आणि त्र्याऐंशी. इथे ऐकणाऱ्याला वाटेल, एवढा फरक म्हणजे तो माणूस वीसपट हुशार. तसं नाही, आणि चिठ्ठी माझ्या हाती आली असती तर माझे त्र्याऐंशी झाले असते असंही नाही. मग अशा खेळात माणसाचं कसब मोजायचं कसं? याचं उत्तर स्पर्धा चालवणाऱ्यांनी फार पूर्वी शोधलं आणि मला या खेळातली ती सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. काठाचे विभाग पाडायचे. आमच्या लीगमध्ये पाच विभाग, प्रत्येकात लागून लागून सहा पेग, प्रत्येक संघाचा एकेक माणूस. तुमची तुलना फक्त त्या सहाजणांशी, म्हणजे साधारण तुमच्यासारखंच पाणी ज्यांच्या वाट्याला आलं त्यांच्याशी. विभागात पहिला आलात तर एक गुण, सहावा आलात तर सहा. पाचही जणांचे गुण मिळवायचे. ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकला. कोपऱ्यातल्या त्या माणसाचे त्र्याऐंशी पौंड असले तरी त्याच्या संघाला गुण एकच. त्याच्या विभागातल्या दुसऱ्याहून तो एका औंसानं पुढे असता तरी एकच.

जागतिक स्पर्धा १९५७ पासून होते आहे आणि तिथेही निकाल विभागातल्या क्रमांकांवरूनच लागतो. पाच विभाग, दोन दिवस, दोन दिवसांच्या क्रमांकांची बेरीज. हा खेळ नुसता नशिबाचा असता तर तीच तीच माणसं पुन्हा जिंकली नसती. इंग्लंडच्या बॉब नड यांनी वैयक्तिक विजेतेपद चार वेळा मिळवलं : १९९०, १९९१, १९९४ आणि १९९९. ॲलन स्कॉटहॉर्न यांनी पाच वेळा : १९९६, १९९७, १९९८, २००३ आणि २००७. दरवेळी पाणी वेगळं, चिठ्ठी वेगळी. सोडतीनं दिलेल्या पाण्यातून शेजाऱ्यापेक्षा थोडं जास्त काढायचं, एवढंच त्यांनी इतक्या वेळा करून दाखवलं.

आमच्या विभागात पहिल्याचे अकरा पौंड तीन औंस. त्याला दोन कार्प लागले होते. दुसऱ्याचे सहा पौंड एक औंस. तिसऱ्याचे चार पौंड आठ औंस. मी चौथा. डावीकडचे आजोबा दोन पौंड चौदा औंसांवर पाचवे. सहाव्यानं वजनच केलं नाही. तिसरा माणूस होता तो नेमका वरच्या संघाचा. त्याच्यात आणि माझ्यात दोन औंस, म्हणजे सत्तावन्न ग्रॅम. एक छोटा रोच. शेवटी त्यांच्या संघाचे तेरा गुण आले, आमचे चौदा. लीग गेली.

चहाच्या टेबलावर कारणांचा बाजार भरतो. हवेचा दाब वाढला म्हणून मासे खात नव्हते, असं एकानं सांगितलं. हा समज तिकडे फार जुना आणि घट्ट आहे. पण थोडा हिशेब करून बघा. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं वाढला, तर तो सुमारे एक सेंटिमीटर पाण्याच्या थराएवढा भार. वादळ येताना दाब वीस-तीस हेक्टोपास्कल उतरला, तरी मासा वीस-तीस सेंटिमीटर वर-खाली सरकला की त्याला तेवढाच फरक जाणवतो आणि तो दिवसभर त्याहून जास्त वर-खाली करतच असतो. दाबाबरोबर ऊन, ढग, वारं आणि थंडी बदलते. मासा तिला दाद देत असणार, आकड्याला नव्हे.

दुसऱ्यानं सांगितलं, हे मासे आता शहाणे झालेत. याला मात्र आधार आहे. नेदरलँड्समधले जीवशास्त्रज्ञ ब्यूकेमा यांनी १९७० मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. एकदा गळाला लागून सुटलेला कार्प पुढे दीर्घ काळ गळाला सहज लागत नाही. एका अनुभवानं तो शिकतो. पाइक हा शिकारी मासा चमचमत्या खोट्या आमिषाला टाळायला शिकला, पण खऱ्या माशाचं आमिष लावलं तर पुन्हा फसला. ज्या तळ्यात धरलेला प्रत्येक मासा परत सोडला जातो, तिथे वर्षानुवर्षं अशा अनुभवी माशांची संख्या वाढत जाणार, हे उघड आहे. तळं मासेवाल्यानं भरलं असेल, पण ते अडाणी माशांनी भरलेलं नाही. म्हणून दोरा दरवर्षी बारीक होत गेला, गळ लहान होत गेला आणि काठ्या लांब.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. परत सोडायचे तर धरायचे कशाला? व्यवहाराचं उत्तर सोपं आहे. तळ्यातले मासे मालकाचे. खासगी पाण्यातला मासा परवानगीवाचून नेणं हा १९६८ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि नेऊ दिले तर तळं महिन्याभरात रिकामं होईल. पण तुमचा प्रश्न व्यवहाराचा नसतो, हे मला कळतं. आपल्या खेळासाठी मुक्या जिवाला का छळायचं, असा तो असतो. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या चेतातंतूंची नोंद केली. त्यावर शास्त्रज्ञांत वाद झाले, पण माशाला काहीच जाणवत नाही असं म्हणून हात झटकणं तेव्हापासून अवघड झालं. तळ्यांवरचे नियम कडक असतात. गळाला उलटा काटा नसावा, म्हणजे तो जखम न करता निघतो. मासा ओल्या हातानं धरायचा, कारण कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग जडतो. उन्हाळ्यात एका जाळ्यात किती वजन ठेवायचं याला मर्यादा. जाळी पाण्यात घालण्याआधी जंतुनाशकात बुडवायची. हे नियम त्रास कमी करतात, नाहीसा करत नाहीत. मला हा खेळ आवडतो आणि हा प्रश्नही मला पटतो. दोन्ही एकाच माणसाला वाटू शकतं. ज्या दिवशी मी तेहतीस माशांवर थांबलो, तो दिवस उरलेल्या माशांच्या दृष्टीनं चांगलाच गेला म्हणायचा.

पण ओढ कशाची, हे सांगायला हवं. काठावर बसलेल्या माणसाला पाण्याखालचं काही दिसत नाही. तापमान, वारं, ऊन, शेजाऱ्याची काठी आणि दोन मिलिमीटर हलणारं एक टोक, एवढ्या पुराव्यावरून खाली काय चाललंय याचा तर्क बांधायचा, आणि तर्क बरोबर की चूक हे माशानं सांगायचं. मासे भरपूर लागतात त्या दिवशी तर्काची गरजच पडत नाही. कुणी काही टाकलं तरी लागतात. सात अंशांच्या पाण्यात, वाईट पेगवर, एकेक औंस जमवताना मात्र प्रत्येक निर्णय मोजला जातो. सत्तावन्न ग्रॅमना किंमत येते ती अशाच दिवशी.

म्हणून मी माझ्या वहीत वजन पहिल्यांदा लिहीत नाही. जुने खेळाडू तसंच करतात, त्यांच्याकडूनच हे शिकलो. आधी तारीख, मग पाण्याचं तापमान, वाऱ्याची दिशा, पेगचा क्रमांक, विभागात कितवा, आणि शेवटी कुठल्या खोलीवर मासा लागला. वजन सगळ्यात खाली. त्या रविवारची नोंद अशी आहे : सात अंश, ईशान्य, दक्षिण काठ मधला पेग, सहात चौथा, रोच अकरा मीटरवर, तळापासून चार बोटं वर. पुढच्या मार्चमध्ये असाच गारठा पडला आणि अशीच चिठ्ठी निघाली, तर पहिला तास कार्पची वाट न बघता सुरुवात कुठून करायची, ते त्यात लिहिलेलं आहे.